दोरी, पाईप आणि पुठ्ठा: नव्या धाटणीचं फर्निचर उभं कसं राहतं?

मार्सेल वाँडर्स नावाच्या डच डिझायनरने 1996 मध्ये एक खुर्ची केली. तिला लाकडाचा सांगाडा नाही, लोखंडाची पट्टी नाही, एकही खिळा नाही. सगळी खुर्ची गाठी मारून विणलेल्या दोरीची. ती आरपार दिसते आणि मोठं माणूस तिच्यावर आरामात बसतं. तिचा फोटो लातूर-परभणीकडच्या कुणालाही दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: ही मोडत कशी नाही?

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. नव्या धाटणीच्या फर्निचरबद्दल, घराच्या सजावटीबद्दल, मोठमोठ्या दालनांत मांडलेल्या कलाकृतींबद्दल जे लिहिलं जातं, त्यात रंगरूपाचंच बोलणं जास्त असतं. वाचणाऱ्याला वाटतं, हे शौकीन लोकांचं काम, आपल्याला यातलं काय कळणार. मला मात्र वाटतं, बसणाऱ्याचं वजन वस्तूच्या कुठल्या भागातून जमिनीपर्यंत जातं एवढं बघता आलं, की यातलं बरंचसं आपोआप उलगडतं. बाजा विणणाऱ्या, पत्र्याची शेडं ठोकणाऱ्या, मांडव घालणाऱ्या मराठवाड्याला ही नजर आधीपासून आहे.

वजन पडलं की वस्तूच्या आत दोनच गोष्टी घडतात. एखादा भाग ओढला जातो, त्याला ताण म्हणू. एखादा भाग चेपला जातो, तो दाब. दोन्ही एकाच दांडीत एकदम झाले, म्हणजे वरची बाजू चेपली आणि खालची ताणली गेली, की दांडी वाकते. फर्निचरचं सगळं शास्त्र या ताण, दाब आणि वाक यांभोवती फिरतं.

आधी बाज घेऊ, कारण हे तिन्ही तिच्यात उघड दिसतात. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचा धागा, फार तर झाडाएवढा लांब, पण त्याचं सुंभ शंभर हातांचं होतं ते पिळामुळे. दोरी जितकी ओढाल तितके पिळातले धागे एकमेकांना आवळतात, आणि घर्षणामुळे कुठलाच धागा निसटत नाही. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो, पण दोरीचं बळ खरोखरच पिळात असतं. विणताना एकजण गुडघा दांडीला टेकवून दोरी ओढतो आणि दुसरा आधीचा फेरा अंगठ्याने दाबून धरतो, म्हणजे कमावलेला ताण परत जात नाही. पायथ्याकडे हातभर जागा मोकळी सोडून तिथे वेगळी जाड दोरी ओवतात. वर्षभराने बाज सैल पडली की तेवढी एक दोरी आवळायची, सगळी वीण पुन्हा ताठ होते. देखभालीची सोय वस्तूतच करून ठेवणं हे फार वरच्या दर्जाचं डिझाइन आहे, आणि आजच्या पुष्कळ महागड्या सोफ्यांमध्ये ते नाही.

आता थोडं गणित. समजा एकच दोरी दोन खांबांना बांधली आणि मधोमध 60 किलोचं वजन टांगलं. दोरी दोन्ही बाजूंना 30 अंशांनी खाली झुकली, तर प्रत्येक बाजूला ताण येतो 60 किलोचा. तीच दोरी आधी इतकी घट्ट बांधली असेल की फक्त 5 अंशच झुकते, तर ताण होतो जवळपास 344 किलो. वजन तेवढंच, ताण पावणेसहा पट! बाजेत हे वजन पुष्कळ दोऱ्यांत वाटलं जातं, पण नियम हाच. म्हणून फार कडक आवळलेल्या बाजेची दोरी तुटते किंवा दांडी चिरते, आणि म्हणूनच विणलेल्या कुठल्याही खुर्चीच्या बैठकीला थोडा झोल मुद्दाम ठेवतात. दोरीचा हा ताण शेवटी दांड्यांवर जातो, त्यांना आतल्या बाजूला वाकवतो, म्हणून दांड्या जाड बाभळीच्या. खुरांवर, म्हणजे बाजेच्या पायांवर, नुसता दाब. ज्याला जे काम झेपतं तेच त्याच्याकडे दिलेलं आहे.

आता वाँडर्सची खुर्ची कळायला सोपी जाते. त्याची दोरी कार्बनच्या धाग्यांची, वरून अॅरामिड या अतिशय चिवट धाग्याचं आवरण असलेली. तिला हाताने गाठी मारून खुर्चीच्या आकाराची जाळी विणतात. जाळी पार मऊ असते, उभी राहत नाही. मग ती इपॉक्सी राळेत भिजवून एका चौकटीत ताणून टांगतात. स्वतःच्या वजनाने बैठक जशी खाली झुकते, तशीच ती वाळून कडक होते. भिजवण्याआधी दोरी फक्त ताण घेऊ शकत होती, कारण दोरी ढकलायला गेलं की ती गोळा होते. राळ सुकल्यावर तीच दोरी दाबही घेते, म्हणून तिचे पाय उभे राहतात. बैठकीचा आकार कुणी कागदावर काढलेला नाही, तो लोंबण्यातून आलेला आहे.

लोंबण्यातून आकार शोधायची ही युक्ती जुनी. लोंबणारी साखळी उलटी करून दगडाची केली तर उत्तम कमान होते, हे रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. स्पेनमधल्या अंतोनी गाउदी या आर्किटेक्टने बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी छताला दोऱ्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या अडकवल्या आणि त्या दोऱ्यांचे फोटो उलटे धरून इमारतीचा आकार ठरवला. टांगलेल्या दोरीत निव्वळ ताण असतो. तोच आकार उलटा केला की निव्वळ दाब, आणि दगडाला दाब झेपतो.

हे झालं दोरीचं. लोखंडाची गोष्ट आपल्या जालन्याच्या माणसाला जास्त जवळची, कारण तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळून त्याची सळई होते आणि फॅब्रिकेशनची दुकानं गल्लोगल्ली आहेत. दुकानात गेलं की ग्राहक म्हणतो, 'भरीव टाका, मजबूत होईल.' इथे एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. 25 मिलिमीटर व्यासाचा, 2 मिलिमीटर जाडीचा पोकळ पाईप घ्या. तेवढंच लोखंड भरीव सळईत घातलं तर सळई साधारण साडेतेरा मिलिमीटरची होईल. वजन सारखं, पैसे जवळपास सारखे, पण वाकायला पाईप सळईपेक्षा सुमारे पावणेसहा पट जास्त विरोध करतो. कारण वाकताना खरं काम बाहेरच्या कडांवर चालतं, एक कड चेपली जाते, समोरची ताणली जाते. मधलं लोखंड जवळपास रिकामटेकडं. ते मधून काढून कडेला नेलं की झाला पाईप.

हंगेरीत जन्मलेल्या मार्सेल ब्रॉयरला जर्मनीतल्या बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत 1925 मध्ये हे सुचलं ते सायकलच्या हँडलवरून. इतका पातळ पाईप माणसाचं वजन पेलतो, तर खुर्ची का नाही? पुढच्याच वर्षी मार्ट स्टाम या डच आर्किटेक्टने गॅसचे पाईप आणि एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, वापरून मागचे पाय नसलेली खुर्ची करून पाहिली. तिची बैठक पुढच्या दोन पायांवर अधांतरी. 1927 मध्ये मीस व्हान डेर रोहे या जर्मन आर्किटेक्टने तीच कल्पना अखंड वाकवलेल्या पाईपमध्ये उतरवली, आणि खुर्चीला छान लवचीकपणा आला.

अशी खुर्ची आपल्याकडे करायची झाली तर अडचण कुठे येते? बसणाऱ्याचा भार मागे आणि आधार पुढे, म्हणून सगळ्यात जास्त वाक पुढच्या उभ्या पाईपवर आणि त्याच्या दोन वळणांवर येतो. नेमक्या तिथेच चौकोनी पाईप 45 अंशांत कापून वेल्डिंग मारलं, तर रोजच्या उठण्याबसण्याने त्या टाक्याशेजारी तडा जायची शक्यता वाढते. वळण अखंड पाहिजे. जालन्यातल्या एका दुकानात हे काम मी जवळून पाहिलंय. कारागिराने आधी कढईत वाळू खरपूस भाजून पार कोरडी केली. पाईपाचं एक तोंड लाकडी बुचाने बंद केलं, पाईप हातोडीने ठोकत ठोकत वाळू भरली, दुसरं तोंडही बंद केलं. मग वळणाची जागा लालबुंद तापवून साच्याभोवती हळूहळू ओढली. आत वाळू असली की पाईप पिचकत नाही, गोल तो गोलच राहतो. वाळू भाजणं फार महत्त्वाचं, ओल राहिली तर आत वाफ कोंडून बूच गोळीसारखं उडतं. या कामाला ना मोठी मशीन लागते ना परदेशी माल. आणि असं काम करणाऱ्याला आपण खिडकीच्या जाळ्या आणि गेट सोडून दुसरं काही सांगतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाईपाचं तत्त्व बांबूत जन्मजात आहे. पोकळ असतोच, शिवाय त्याचे चिवट धागे बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या लोदग्याला बांबूवर काम चाललंय, ते या दृष्टीने बघावं. बांबूचं दुखणं सांध्यात आहे: खिळा ठोकला की तो उभा चिरतो. म्हणून आधी भोक पाडून बोल्ट घालायचा किंवा दोरीने आवळून बांधायचं.

पातळ वस्तू ताठ करायची दुसरी युक्ती म्हणजे घडी. सपाट पत्रा हातात धरला की लोंबतो, त्याला पन्हळ पाडली की त्याच्यावर माणूस चालतो. फ्रँक गेरी या अमेरिकी आर्किटेक्टने 1972 मध्ये खोक्यांच्या पन्हळी पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून लाटेसारखी वळणारी खुर्ची केली. थर आडवे-उभे आलटून पालटून लावले, म्हणजे कुठल्याच दिशेने कमकुवतपणा उरत नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी मासोने याने एकाच साच्यात ओतलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. आज आपल्या लग्नाच्या मांडवात, ग्रामपंचायतीत, चहाच्या टपरीवर तिचीच भावंडं दिसतात. पाय उलटे करून बघा, ते पट्टीसारखे सपाट नाहीत, दुमडलेले आहेत. वितळलेलं प्लास्टिक साच्यात जाऊन मिनिटभरात खुर्ची बाहेर पडते, म्हणून ती स्वस्त. मला ही खुर्ची आवडत नाही, पण तिच्या पायाच्या घडीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही.

यापुढची पायरी कॉम्प्युटरची. योरिस लार्मान या डच डिझायनरने 2006 मध्ये अॅल्युमिनियमची एक खुर्ची ओतली, तिचे पाय झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले, कुठे जाड कुठे बारीक. हा आकार त्याने नक्षी म्हणून काढलेला नव्हता. आपलं हाड जिथे भार पडतो तिथे भरीव होतं आणि जिथे पडत नाही तिथे विरळ होत जातं. ओपेल या जर्मन मोटार कंपनीत गाडीचे भाग हलके करण्यासाठी हाच नियम वापरणारं सॉफ्टवेअर होतं. ते असं चालतं: आधी एक भरीव ठोकळा घ्यायचा, माणूस कुठे बसणार, कुठे टेकणार ते भार सांगायचे. सॉफ्टवेअर ठोकळ्याचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावर किती जोर येतो ते मोजतं. जे तुकडे काहीच पेलत नाहीत ते काढून टाकतं, उरलेल्यावर पुन्हा मोजतं, पुन्हा काढतं. शेवटी उरतो तो फक्त वजनाचा रस्ता. असं काम करणारी सॉफ्टवेअर आता विद्यार्थ्यांनाही मिळतात, आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी एखादी शाळेची बाक घेऊन हे जरूर करून पाहावं.

साहित्य बदललं तरी रूप जुनंच ठेवायचं, असाही एक प्रकार असतो, आणि त्याचं जगातलं एक अप्रतिम उदाहरण आपल्या वेरूळला आहे. 10 क्रमांकाच्या लेण्याला विश्वकर्मा लेणं म्हणतात, काहीजण सुतार का झोपडा म्हणतात. वर पाहिलं तर कमानदार छताला ओळीने फासळ्या, थेट लाकडी तुळयांसारख्या. पण आहे सगळं कातळ. डोंगर आतून कोरत गेल्यामुळे या फासळ्या काहीच पेलत नाहीत, त्या काढल्या तरी छत राहील. कार्ले आणि भाजे इथल्या लेण्यांत दगडी छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवल्या होत्या, इथे त्याही दगडातच आल्या. म्हणजे या फासळ्या सुतारकामाची आठवण म्हणून आहेत. आत एका ओळीत उभं राहून वर बघितलं की त्या नजरेला स्तूपाकडे, बुद्धाच्या मूर्तीकडे ओढत नेतात. वजन पेलणं हे त्यांचं काम नाही, नजर नेणं हे आहे, आणि ते त्या तेराशे वर्षं करत आल्या आहेत. फासळीचं हे दुसरं काम लक्षात आलं, की इन्स्टॉलेशन हा प्रकारही कळू लागतो.

मूर्ती आपण समोर उभं राहून बघतो. इन्स्टॉलेशनमध्ये बघणारा आत असतो. खोलीची उंची, उजेड, आवाज, गर्दी, सगळं त्या कामाचा भाग. ओलाफुर एलियासन या कलाकाराने 2003 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या अवाढव्य दालनात धुकं सोडलं, छताला आरसे लावले आणि टोकाला अर्धवर्तुळात पिवळे दिवे लावले. आरशात उरलेलं अर्धं वर्तुळ दिसून पूर्ण सूर्य झाला. दिवे एकाच रंगाचा प्रकाश देणारे, त्यामुळे लाल, हिरवा, निळा असा फरकच उरला नाही, माणसं पिवळ्या-काळ्या छटांत दिसू लागली. लोक जमिनीवर पाठ टेकून छतातलं स्वतःचं प्रतिबिंब शोधत पडून राहायचे. आय वेवे या चिनी कलाकाराने 2013 मध्ये व्हेनिसला 886 लाकडी तिपाया एकमेकींत गुंफून आभाळाकडे झेपावणारं एक रान उभं केलं. चीनमध्ये अशी तिपाई घरोघरी असायची, पिढ्यान्‌पिढ्या चालायची, मग प्लास्टिक आणि पत्रा आला आणि ती मागे पडली. एकच तिपाई बघून कुणी थांबलं नसतं.

आपल्याकडे हे काम गणपतीच्या देखाव्यात होतं, फक्त आपण त्याला इन्स्टॉलेशन म्हणत नाही. लोकांना एका दारातून आत घ्यायचं, अंधारातून उजेडात आणायचं, वळण संपल्यावरच मूर्ती दिसेल असं करायचं, हे मंडळांच्या पोरांना कुणी शिकवलेलं नाही. 2018 मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा बरीच मंडळं हवालदिल झाली. माझ्या मते त्यातून भलंच झालं. थर्माकोल कापला की कुठलाही आकार निमूटपणे देतो. बांबू, सुतळी, कापड, पुठ्ठा यांना स्वतःचं म्हणणं असतं, ते ऐकून घ्यावं लागतं, आणि खरं डिझाइन तिथून सुरू होतं.

आता घराच्या आत येऊ. मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा 42-43 वर असताना रेक्झिनच्या फोमवर बसून बघा, पाठीखाली घामाचं तळं होतं. फोम उष्णता धरून ठेवतो आणि रेक्झिनमधून हवा जात नाही. ब्रॉयरने 1928 मध्ये पाईपाच्या खुर्चीला वेताची वीण दिली. पिएर जानरे या स्विस आर्किटेक्टच्या देखरेखीखाली चंदीगडसाठी झालेल्या सागवानी खुर्च्यांनाही वेतच. आपल्याला वेत नको, बाजेची वीण किंवा नवार पाईपाच्या चौकटीवर सुरेख बसते आणि पाठ गार राहते. लाकडाच्या बाबतीत एक जपावं: आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अखंड फळी रुंदीत आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. टेबलाची फळी चारही बाजूंनी स्क्रूने जखडली तर ती मधून फाटते, म्हणून भोकं थोडी लांबट ठेवायला सांगावं.

जुन्या माळवदाच्या घरात दुपारी गार वाटायचं ते जाड भिंती आणि छतावरच्या मातीमुळे, ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच जड छतांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणून माळवदाकडे जसंच्या तसं परत जाणं हे बेजबाबदारपणाचं आहे. त्यातला गुण तेवढा घ्यायचा, उष्णता बाहेर अडवायची. स्लॅबवर बाहेरून पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई, हा खर्च आतल्या पीओपीच्या सजावटीआधी करावा असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो.

आणि ही नजर वापरून काही करून बघायचं असेल तर स्टुलापासून सुरुवात करावी. गोल पाईपाचे तीन पाय, वर सुंभाची किंवा नवारीची वीण. तीन पाय मुद्दाम, कारण शहाबादी फरशी असो की शेणाने सारवलेली जमीन, तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही. बाजूला कललं की चार पायांपेक्षा लवकर उलटतं मात्र, म्हणून पाय खाली बाहेर फाकलेले हवेत. तयार झालं की आधी त्यावर कुणी बसू नये. पायांमधली तिन्ही अंतरं सुतळीने मोजून गाठी मारून ठेवायच्या, 50 किलोची दोन पोती रात्रभर ठेवायची. सकाळी पोती उतरवून पुन्हा मोजायचं. अंतर वाढलेलं दिसलं तर तिन्ही पाय खालच्या बाजूला पातळ सळईच्या सरळ तुकड्यांनी एकमेकांना बांधायचे. पाय बाहेर पळू बघतात तेव्हा त्या तुकड्यांवर नुसता ताण येतो, म्हणून तिथे 6 मिलिमीटरची सळई पुरते.